एक निळा, एक तपकिरी

लॉइडने काढलेला फोटो पाहून डेल्माने कपाळाला हात लावला.

"हा कुत्रा आहे की रेल्वेचा सिग्नल?"

"एक डोळा लाल, एक हिरवा," लॉइड म्हणाला. "थांबायचं की जायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं."

"आणि लोकांनी काय ठरवलं?"

लॉइडने फोन तिच्यापुढे धरला. गावच्या कौन्सिलच्या ऑनलाइन पानावर फोटो टाकून आठवडा होत आला होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सैतानाला घरी न्यायला कोण तयार आहे?' त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग. विचारपूस एकाचीही नाही.

बुलाराचा कोंडवाडा गावाबाहेर, कचरा टाकायच्या मैदानाला खेटून होता. लांबट, बसकी पत्र्याची शेड, आत जाळीचे सहा पिंजरे, बाहेर लाल माती आणि माश्या. सापडलेलं कुत्रं इथे आणायचं, मुदतभर मालकाची वाट बघायची. मुदतीत मालक आला तर कुत्रं त्याचं. नाही आला तर ज्याला हवं त्याने न्यावं. आणि कुणालाच नको असेल तर शेवटच्या शुक्रवारी पाच वाजता जनावरांचा डॉक्टर सुई घेऊन यायचा. कोंडवाड्याचा रखवालदार म्हणून लॉइड वीस वर्षं हे बघत होता. पिंजऱ्यातल्या कुत्र्याला नाव म्हणून ठेवायचा नाही. म्हणायचा, "नाव ठेवलं की शुक्रवारी धरायला हात धजत नाही."

या तिसऱ्या पिंजऱ्यातल्याचा शुक्रवार परवावर आला होता.

डेल्मा कौन्सिलची कुणी नव्हती. तिने सारा जन्म शाळाशाळांतून मुलांचे फोटो काढण्यात घालवला होता. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे सकाळी निघालेली गाडी दुपारी पोचायची. मागे पडदे, दिवे, बाकडी. मग प्रत्येक आईच्या हातात फोन आला आणि डेल्माची गाडी अंगणात उभी राहिली, ती राहिलीच. नवरा गेल्यावर ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांत राहायला आली. तिथे गॅस फुकट, गवत कापून मिळायचं, पण जनावर पाळायला सक्त मनाई. नाहीतर लॉइड म्हणतो तसं, सहाचे सहा पिंजरे तिच्या स्वयंपाकघरात आले असते.

"तू फ्लॅश मारलास ना तोंडावर?" तिने विचारलं.

"आत काळोख आहे. मग काय काडी पेटवून काढू?"

"अरे बाबा, काळोखात डोळ्याची बाहुली केवढी होते! समोरून तू झपकन उजेड मारलास की तो थेट तळाला जातो आणि तसाच परत कॅमेऱ्यात येतो. माणसाच्या डोळ्यात तळाला रक्त, म्हणून लाल. कुत्र्याच्या डोळ्यात तळाला आरशासारखा पडदा असतो, म्हणून हिरवा."

"मग याचा एक लाल का? अर्धा माणूस आहे का हा?"

 डेल्मालाही ते कळलं नव्हतं. "आधी बघू तरी," म्हणून ती आत गेली.

तिसऱ्या पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात काहीतरी राखाडी गोळा होऊन पडलं होतं. गुरं राखणाऱ्या जातीचा, पण त्यात आणखी कसली कसली भेसळ. एक कान फाटलेला. गळ्याभोवती केस उगवतच नव्हते अशी गुळगुळीत रेघ. छातीवर जुन्या टाक्यांसारखे वळ. डेल्मा बादली पालथी घालून जाळीपाशी बसली आणि काही न करता बसूनच राहिली. शाळेत असंच करायची ती. रडव्या पोराकडे बघायचंच नाही, आपल्याच पिशवीत काहीतरी शोधत राहायचं. थोड्या वेळाने तिने चीजचा तुकडा जाळीतून आत टाकला. मग आणखी एक, जरा अलीकडे. राखाडी गोळ्याला पाय फुटले. पोट जमिनीला घासत तो तुकड्यापर्यंत आला.

तेव्हा तिने कॅमेरा उचलला. माणसांच्या डोळ्यांसाठी त्यात एक सोय होती. खऱ्या फ्लॅशच्या आधी बारीक बारीक उजेड लुकलुकायचा, म्हणजे बाहुली आवळून यायची. पोरं त्यावर खिदळायची. इथे पहिली लुकलुक झाली मात्र, कुत्रा मागच्या पत्र्यावर जाऊन आपटला आणि उभ्या उभ्या त्याच्या पायांखाली ओल पसरली.

"अरे राजा... चुकलं माझं, चुकलं," डेल्मा पुटपुटली. कॅमेरा तिने पाठीमागे लपवला, जणू हातात काठीच होती.

लॉइड दाराशी उभा होता. "रानडुकरांच्या शिकारीवरचा असणार," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडीच्या टपावर मोठा दिवा लावतात, उजेडात डुक्कर दिसलं की कुत्री सोडतात. आणि मागे फिरलं कुत्रं तर..."

"दिव्याला भितो म्हणजे."

"दिव्याला आणि दिवेवाल्याला."

डेल्माने शेडभर नजर फिरवली. फ्लॅश नाही म्हणजे नाही. छताला फ्लॅश मारून उजेड खाली पाडावा तर छत काळं. दाराशी आणावं तर कुत्रा ओढल्याशिवाय येणार नाही, आणि गळ्यात पट्टा घालणं तर नकोच.

"लॉइड, हा बाजूचा पत्रा काढ."

"काय?"

"चारच स्क्रू आहेत. काढ. उजेड बाजूने आला पाहिजे, आपला आपोआप, कुणी मारल्यासारखा नको. आणि तुझ्या जेवणाच्या थंडपेटीचं झाकण दे, पांढरं."

"मास्तरीणबाई, कौन्सिलची मालमत्ता आहे ती."

"पेटी?"

"पत्रा!"

"मग मी कौन्सिलला कळवते, म्हणजे दोन वर्षांनी माणूस येईल. परवा शुक्रवार आहे."

लॉइड शिव्या घालत स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. पत्रा सरकला तसा उन्हाचा रुंद पट्टा आडवा आत आला, आणि काय नवल, कुत्र्यालाच तो हवा होता. कितीतरी दिवसांनी ऊन. तो त्या पट्ट्यात येऊन बसला. पेटीचं झाकण लॉइडने डेल्मा सांगेल तसं धरलं, म्हणजे पलीकडच्या गालावरही उजेड पडेल. कुत्र्याच्या बाहुल्या आवळत आवळत मोहरीएवढ्या झाल्या. आणि तेव्हा कुठे त्याचे डोळे दिसले.

एक तपकिरी होता. दुसरा निळा, पाण्यासारखा फिका.

"अगं बाई," डेल्मा म्हणाली. "म्हणून लाल. निळ्या डोळ्याच्या तळाला आरसा नसतो बहुतेक. म्हणून माणसासारखा."

"म्हणजे अर्धा माणूस आहेच," लॉइड म्हणाला. पण झाकण त्याने बराच वेळ, हाताला रग लागेपर्यंत, हलू दिलं नाही.

तिने चीजचा हात कॅमेऱ्यापासून जरा बाजूला, उंच धरला. सरळ काचेत बघायचं नाही, तिच्या हाताकडे बघायचं. तिसऱ्याच खेपेला त्याला ते उमगलं. मान किंचित वाकडी, एक कान उभा, दुसरा फाटका तसाच लोंबता, दोन्ही डोळे स्वच्छ. डेल्माने बटण दाबलं.

तो फोटो दुपारी पानावर चढला. डेल्माने आयुष्यात हजारो चेहरे टिपले होते, पण या एका चेहऱ्याकडे ती खोलीत बसून पुन्हा पुन्हा बघत राहिली. लोकही बघत राहिले. सैतान म्हणणाऱ्यानेच लिहिलं, 'अरे, हा तोच?' दूरदूरच्या गावांतून लोक फोटो पुढे पाठवू लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉइडने फोन तिच्या कानाला लावला.

"तुम्हीच काढलात ना हो फोटो? मी रिआनन. आम्ही मरे नदीच्या काठी असतो, द्राक्षमळ्यात." मागे कुठेतरी लहान मूल गात होतं. "आमची म्हातारी कुत्री गेली हिवाळ्यात. माझ्या लेकीने, इंडीने, तेव्हापासून दुसऱ्या कुत्र्याचं नाव काढू दिलं नव्हतं. काल हा फोटो बघितला आणि म्हणाली, आई, याच्या एका डोळ्यात पाणी आहे आणि एका डोळ्यात माती."

"भित्रा आहे हं तो," डेल्मा म्हणाली. "वेळ लागेल त्याला. दिव्याला घाबरतो. अंगावर एकदम हात नका उगारू."

"आमच्याकडे कोण उगारणार! इंडीच त्याला पांघरूण घालून थापटत बसेल. आम्ही शनिवारी सकाळी निघतो, चालेल ना? उद्या माझ्या नवऱ्याला सुट्टी नाही."

लॉइडने अंगठा वर केला. घर ठरलं असेल तर एक दिवस थांबवण्याचा अधिकार त्याला होता.

"आणि एक विचारू?" रिआनन म्हणाली. "इंडीचे वाढदिवसाचे फोटो एकूण एक लाल डोळ्यांचे आलेत. मेणबत्त्या लावायला दिवे घालवले होते."

"दिवे लावा सगळे घरातले. तिला आधी दिव्याकडे बघू दे, मग तुमच्या कानाकडे. कॅमेऱ्याकडे नाही. आणि जमलं तर खिडकीशी बसवा, फ्लॅशची गरजच नाही."

"कुत्रा नि ती, दोघांना बसवते खिडकीशी. पहिला फोटो तुम्हालाच पाठवीन."

त्या दिवशी डेल्माने कोंडवाड्यात केक आणला. नारळाचा कीस लावलेले चौकोनी तुकडे, लॉइडला आवडायचे तसे. तिसऱ्या पिंजऱ्यातला आता जाळीशी येऊन बसत होता. तिने बोट आत घातलं, त्याने ते हुंगलं आणि हनुवटी त्यावर टेकवली. जड, उबदार हनुवटी. डेल्मा बोट न हलवता बसली, मुंग्या आल्या तरी. तान्हं मूल अंगावर झोपलं की आई बसते तशी.

शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा लॉइड ऑफिसात उभा होता आणि फोन टेबलावर उपडा पडला होता.

"मालकाचा फोन होता," तो म्हणाला.

"कुणाच्या मालकाचा?"

लॉइडने नुसतं तिसऱ्या पिंजऱ्याच्या दिशेने पाहिलं.

"नाही," डेल्मा म्हणाली. "मुदत संपली."

"पाचला संपते. तो तीनला पोचतोय. निघालाय."

"सांग त्याला दिला म्हणून."

"कुणाला दिला? पाचच्या आधी देता येत नाही, तुला ठाऊक आहे."

"मेला म्हणून सांग!"

"डेल्मा."

"लॉइड, तू पाहिलंयस त्याचा गळा. तार होती ती. तू पाहिलंयस तो मुतला ते."

"जुन्या जखमा आहेत. कुणी केल्या, केव्हा केल्या, मी काय सांगू? मी तक्रार लिहीन. लिहीनच. माणूस येईल महिन्याभराने चौकशीला, तोवर..." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्या बापालाही इथेच कामाला ठेवलं होतं. तो म्हणायचा, आपण दार उघडणारे. कोण आत, कोण बाहेर, ते दुसराच ठरवतो. मला तेव्हा राग यायचा त्याचा."

"आता येत नाही?"

"आता जास्त येतो."

तिने त्याच्याशी आणखी भांडण केलं असतं. पण बाहेर गाडी थांबली. पांढरी, मागे उघडी, लोखंडी पिंजरा बसवलेली, टपावर आडव्या दांडीवर दिवे.

माणूस चांगला दिसायचा, हेच डेल्माला सहन झालं नाही. चाळिशीचा, हसरा, बूट दाराबाहेर झटकून आत आला. वेस गॅनन म्हणून नाव सांगितलं, टोपीला हात लावला.

"तुम्हीच का फोटोवाल्या मावशी? हात द्या इकडे. काय फोटो काढलाय हो! बायकोने मला आधीचा दाखवला होता, तो लाल-हिरवा भुताटकीचा. मी म्हटलं, छे, हा आपला नाही, हे कुठलं तरी भलतंच ध्यान. आणि काल हा पाहिला. निळा डोळा पाहिल्याबरोबर ओरडलो, डिझेल! अख्ख्या जिल्ह्यात असा डोळा दुसऱ्या कुत्र्याला नाही. तुम्ही नसता तर मला सापडलाच नसता."

डेल्माचा हात त्याच्या हातात होता. तिने तो सोडवून घेतला, पण अंगातलं सगळं बळ जणू त्याच्याच हातात राहून गेलं. हात दाखवून अवलक्षण, म्हणतात ना? तिने तर सगळ्या जिल्ह्याला हात दाखवला होता.

"तो तुमच्याकडे राहिला नाही," ती म्हणाली. "पळाला."

"पळपुटाच आहे तो!" वेस मोठ्याने हसला. "डुक्कर बघून उलटा फिरतो. बाकीची कुत्री याच्यापायी फाडली गेली माझी."

"मग कशाला हवाय तुम्हाला? एक घर आहे. लहान मुलगी आहे, वाट बघते आहे. उद्या येतायत. तुमच्या काही कामाचा नाही म्हणता, तर द्या ना त्यांना."

वेसचं हसू गेलं नाही, फक्त जागच्या जागी थिजलं. "मावशी, माझी वस्तू मी दुसऱ्याला का द्यावी? तुमची वस्तू कुणी उचलून नेली तर चालेल तुम्हाला? शिकेल तो. सगळे शिकतात."

त्याच्या फोनमध्ये पिल्लू होतं, दीड वितीचं, दोन रंगांच्या डोळ्यांचं. लॉइडने ते पाहिलं. दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याचं म्हणता येणार नव्हतं. लॉइड किल्ली घेऊन आत गेला, आणि दार उघडायला त्याला फार वेळ लागला.

कुत्रा भुंकला नाही, ओढाताण केली नाही. वेसचा आवाज ऐकला आणि पोट जमिनीला टेकवून आला, तसाच, जसा पहिल्या दिवशी चीजकडे आला होता. वेसने त्याच्या पाठीवर थाप दिली. "काय रे भामट्या."

जायच्या आधी फोटो काढायची कोंडवाड्याची रीत होती. कुत्रं मालकाला मिळालं की दोघांचा एक फोटो, पानावर, 'घरी परत' असं लिहून. कौन्सिलला ते फार आवडायचं.

"आजच्या दिवस राहू दे," लॉइड म्हणाला.

"का बरं? काढा की!" वेस म्हणाला. "बायकोला पाठवतो. मावशी इतकं छान काढतात."

डेल्मा नाही म्हणणारच होती. पण कुत्रा थरथरत होता. बाहेर ढग आले होते, शेडच्या सावलीत अंधारून आलं होतं, आणि वेस म्हणाला, "फ्लॅश मारायचा तर मारा, मी धरतो त्याला." त्याने गळ्याला पकडलं, नेमकं त्या रेघेवर.

"फ्लॅश नको," डेल्मा म्हणाली. "इकडे या, काढलेल्या पत्र्यापाशी. सोडा त्याला. तुम्ही वाका. माझ्याकडे नका बघू, त्या फाटकाकडे बघा." शाळेतला तिचा आवाज आपोआप आला. "लॉइड, झाकण धर."

लॉइडने झाकण धरलं. तिने पिशवीतून चीज काढलं, हात बाजूला, उंच. आणि कुत्र्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मान किंचित वाकडी झाली. थरथर थांबली. तिने तेवढा वेळ हात तसाच ठेवला, ठेवता येईल तितका, खांदा दुखायला लागला तरी. बटण दाबलं की हे संपणार होतं.

"झालं का मावशी?"

"झालं," ती म्हणाली, आणि तेव्हा दाबलं. चीज तिने त्याच्या तोंडात दिलं. त्याने बोटं चाटली. मग वेसने त्याला उचलून मागच्या लोखंडी पिंजऱ्यात टाकलं, दार लावलं, टोपीला हात लावला आणि गाडी लाल धुरळा उडवत गेली.

लॉइडने झाकण थंडपेटीवर परत बसवलं. मग म्हणाला, "मी फोन करू त्या बाईला?"

"मी करते," डेल्मा म्हणाली. पण तिला धीर झाला नाही. आधी कौन्सिलमधून कुणाचा तरी फोन आला, फोटो कुठे आहे म्हणून. लॉइडने तो चढवला. 'घरी परत'.

फोटो सुरेख आला होता. माणूस वाकलेला, मिशीत हसू, त्याच्या गुडघ्याला टेकून कुत्रा. माणसाचे डोळे लाल नाहीत, कुत्र्याचे हिरवे नाहीत. बाजूने मऊ उजेड. एक निळा, एक तपकिरी, दोन्हीत बारीकसा चमकता ठिपका, जिवंतपणा येतो तो. कुत्रा असा वर बघत होता, जणू त्याला सगळं मिळालं आहे. त्याच्या नजरेपुढचा हात फोटोत नव्हता.

खाली लाल बदाम पडू लागले. शाळेत तिने ज्यांचे फोटो काढले होते ती पोरं, आता आईबाप झालेली, लिहीत होती. 'रडूच आलं.' 'देव आहे.' 'डेल्मा, तुझ्यामुळे!' 'त्याचे डोळेच सांगतात किती खूश आहे.' कौन्सिलच्या प्रमुखाने हात जोडलेले पाठवले.

डेल्मा बादलीवर बसून वाचत होती. रिआननचं नाव वर आलं.

'इंडी जरा रडली,' तिने लिहिलं होतं, 'पण मी तिला हा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, त्याचं माणूस त्याला सापडलं, आपण कसं नेणार त्याला? मग तीही हसली. आता म्हणते, हा फोटो माझ्या खोलीत लाव. इतका आनंदी कुत्रा आम्ही कधी पाहिला नाही. तुमचे खूप आभार.'

डेल्माने लिहायला घेतलं. 'नाही हो, तो' एवढं लिहिलं. मग तिला ती मुलगी दिसली, खोलीत झोपलेली, भिंतीवर तो फोटो.

तिने ते खोडलं आणि एक बदाम पाठवला.